जुन्या ट्रॅक्टरच्या चार्जिंग सिस्टीममधला बिघाड शोधणं

जुन्या ट्रॅक्टरची चार्जिंग सिस्टीम म्हणजे बॅटरी, डायनमो किंवा अल्टरनेटर (पट्ट्यावर फिरून करंट तयार करणारं यंत्र), रेग्युलेटर (व्होल्टेज आवाक्यात ठेवणारा), पट्टा, डॅशवरचा लाल दिवा किंवा अँपिअर मीटर आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या वायरी. जुन्या डिझेल इंजिनाचा पंप मेकॅनिकल असतो, त्यामुळे एकदा सुरू झालं की त्याला करंट लागतच नाही, दिवसभर बिनतक्रार चालतं, आणि चार्जिंग बंद पडलंय हे कळतं ते सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) नुसता टक टक करायला लागल्यावर. मग दोष बॅटरीच्या माथी मारतात, नवी बॅटरी येते आणि तीही उतरते. बॅटरी आणि डायनमो दोन्ही चांगले आणि मधली वायर किंवा अर्थ (बॅटरीचं बॉडीला असलेलं जोडणं) खराब, असं जुन्या ट्रॅक्टरवर फार वेळा निघतं, म्हणून आधी मोजायचं आणि मगच पार्ट बदलायचा.

सुरुवात बॅटरीपासूनच करायची, कारण उतरलेल्या बॅटरीवर घेतलेलं कुठलंच माप धड येत नाही. १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरून काही तास तशीच ठेवली की मीटरवर १२.६ च्या आसपास दिसलं पाहिजे, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली गेली तर आधी बाहेरून चार्ज करून घ्या. सेलची झाकणं उघडत असतील तर हायड्रोमीटर (आतल्या ॲसिडची घनता मोजणारी नळी) लावा, भरलेल्या सेलमध्ये १.२६ ते १.२८ येतं, पाच सेल सारखे आणि एकच खूप खाली असेल तर तो सेल गेला आणि त्या बॅटरीला कितीही चार्जिंग दिलं तरी उपयोग नाही.

मग इंजिन सुरू करून, थोडी रेस देऊन परत बॅटरीवरच मोजा. १३.८ ते १४.५ येत असेल तर चार्जिंग चालू आहे, बंद असताना जेवढं होतं तेवढंच राहिलं तर काहीच येत नाहीये. हेडलाईट लावून पण बघा, कारण बिनलोड चांगलं दिसणारं चार्जिंग लोडवर बसतं. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून बघायची जुनी सवय मात्र सोडून द्यावी, डिझेल इंजिन तसंही चालूच राहणार, त्यामुळे त्यातून काही सिद्ध होत नाही, आणि अल्टरनेटर असेल तर व्होल्टेज उसळून डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे आतले भाग) उडतात.

चार्जिंग येत नसेल तर आधी पट्टा. अंगठ्याने मधोमध दाबल्यावर साधारण १० ते १२ मिलिमीटर दबला पाहिजे, आणि आतून चकचकीत झालेला पट्टा ताणला तरी घसरतो. मग टर्मिनल. लगवरची (वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या तुकड्यावरची) हिरवी-पांढरी बुरशी गरम पाण्यात सोडा घालून धुवा, पण तेवढ्यावर थांबू नका, वायरचं कव्हर लगजवळ थोडं मागे सोला, आतलं तांबं काळं पडलेलं असेल तर चकाकी दिसेपर्यंत कापून नवीन लग मारा. बाहेरून धडधाकट दिसणारी वायर आतून अशीच संपलेली असते.

ही जागा नजरेने नाही तर मीटरने सापडते. लाईट लावून, इंजिन रेसवर ठेवून मीटरचं एक टोक अल्टरनेटरच्या मोठ्या टर्मिनलला आणि दुसरं बॅटरीच्या लाईव्ह (बॉडीला न जोडलेल्या) टर्मिनलला लावा, अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर तेवढं व्होल्टेज मधल्या वायरीत मरतंय. तसंच अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचं अर्थ टर्मिनल यांच्यात मोजा, इथे ०.२ च्या वर नको. रंग मारलेल्या ट्रॅक्टरवर ब्रॅकेटखाली रंग बसून अर्थ तुटलेला असतो, तो खरवडून काढला की काम झालं.

डायनमोवर डी आणि एफ असे दोन टर्मिनल असतात, डी मोठा. डायनमो एकटा तपासायचा तर दोन्ही वायरी काढा, दोन्ही टर्मिनल वायरच्या तुकड्याने जोडा आणि तिथून बॉडीपर्यंत व्होल्टेज बघत हळूहळू रेस द्या, आकडा सरळ चढत गेला तर डायनमो ठीक आणि रेग्युलेटर किंवा वायर बघायची, २० च्या वर मात्र जाऊ देऊ नका. एक व्होल्टच्या आसपास अडकला तर फील्ड (चुंबकत्व तयार करणारी स्थिर कॉइल) खराब, चार-पाचवर अडकला तर आर्मेचर (फिरणारा भाग) खराब, काहीच नाही तर कार्बन (फिरत्या भागाला टेकणारे ब्रश) झिजलेत किंवा अडकलेत. हे फील्डचं एक टोक आतूनच बॉडीला जोडलेलं असतं तेव्हाचं, काही डायनमोंत एफ उलट बॉडीला टेकवून तपासतात, म्हणून आधी प्रकार खात्रीने ओळखा. काळं पडलेलं कॉम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याचा गोल) बारीक पॉलिश पेपरने साफ करा, एमरी पेपर नको.

कित्येक जुन्या ट्रॅक्टरवर पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं, बॅटरी उलटी लावली की तिचे आणि डायनमोचे पॉझिटिव्ह-निगेटिव्ह जुळत नाहीत आणि चार्जिंग बिघडतं. डायनमो बराच काळ पडून राहिला तर त्यातलं चुंबकत्वही कमी होतं. आतून अर्थ असलेल्या फील्डला एफची वायर काढून बॅटरीच्या लाईव्हवरून क्षणभर टच दिला की ते परत येतं. अल्टरनेटरला असला टच कधीच द्यायचा नाही.

अल्टरनेटरवर आधी लाल दिव्याकडे बघा. बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीचा फील्ड करंट या बल्बमधूनच जातो, त्यामुळे चावी लावल्यावर दिवा पेटत नसेल तर बल्ब उडालाय किंवा वायर तुटलीय, आणि साधा बल्ब बदलून चार्जिंग सुरू होतं. रात्रीतून बॅटरी उतरत असेल तर चावी बंद करून बॅटरीची एक वायर काढा आणि मध्ये अँपिअर मीटर लावा. अल्टरनेटरची वायर काढल्यावर गळती थांबली तर डायोड गेलाय, डायनमोवर तेच झालं तर कटआउटचे (डायनमो थांबला की त्याला बॅटरीपासून तोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट चिकटलेत, आणि अशा वेळी डायनमो बंद इंजिनावरही गरम लागतो.

चार्जिंग १५ व्होल्टच्या वर जात असेल तर उलटा त्रास: बॅटरीचं पाणी वारंवार आटतं, हायड्रोजन सुटतो, बल्ब उडतात. आधी रेग्युलेटरचा अर्थ बघा, तो चांगला असेल तर रेग्युलेटर बदला, आणि तोपर्यंत बॅटरीजवळ ठिणगी पडू देऊ नका.