एका दिवसाच्या परवान्याची गोष्ट: ॲनिमे फिगर्स नेरूळपर्यंत कशा आल्या

नेरूळला माझ्या दारात आलेल्या एका खोक्यावर जपानीत छापलं होतं की आतली वस्तू 15 वर्षं आणि त्यापुढच्यांसाठी आहे. त्याच खोक्यावर चिकटवलेला सीमाशुल्काचा कागद म्हणत होता, खेळणं. पोस्टमनकाकांनी ड्युटीचे पैसे मोजून घेतले आणि सहज विचारलं, "मुलासाठी का?" माझ्यासाठीच आहे म्हटल्यावर त्यांनी पावती फाडून हातात दिली आणि पुढे काही विचारलं नाही.

त्यांचा प्रश्न मात्र रास्त होता. आत होती ॲनिमे फिगर, म्हणजे जपानी ॲनिमेशनमधल्या एका पात्राची छोटी प्रतिकृती. खेळणं म्हणावं तर तिच्याशी कुणी खेळत नाही. मूर्ती म्हणावी तर पूजा नाही. शोकेसमध्ये संगमरवरी ताजमहालाशेजारी ठेवावी तर आई म्हणते, "ही तुझी बाहुली इथे नको." ही वस्तू नक्की काय आहे, हे कळायला जपानमधल्या ओसाकाला जावं लागतं.

ओसाकाजवळच्या मोरिगुचीत 1964 साली काइयोदो नावाचं मॉडेल किटचं दुकान निघालं. जागा दीड त्सुबो, म्हणजे जेमतेम 50 चौरस फूट. आपल्याकडे स्टेशनबाहेर झेरॉक्सवाल्याची टपरी असते तेवढं. गिऱ्हाइकं रणगाडे, जहाजं, विमानं चिकटवणारी. पण याच पिढीने लहानपणी गॉडझिला आणि अल्ट्रामॅन पाहिले होते आणि मोठं झाल्यावरही ते डोक्यातून गेले नव्हते. बाजारात मिळणारे राक्षस पोरासोरांसाठी केलेले, गुळगुळीत, भलत्याच रंगाचे. पडद्यावरचा राक्षस हुबेहूब हवा असेल तर स्वतः घडवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मग लोकांनी ते केलं. आधी मूळ आकृती घडवायची, तिच्यावरून सिलिकॉन रबरचा साचा, साच्यात रेझिन, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणारं द्रव प्लास्टिक, ओतायचं, निघालेले भाग पिशवीत भरून विकायचे. जोडणं, घासणं, रंगवणं हे घेणाऱ्याचं काम. 80 च्या दशकाच्या सुरुवातीला या प्रकाराला 'गॅरेज किट' म्हणू लागले.

ओसाका शहरात 1981 साली विज्ञानकथाप्रेमींचं संमेलन झालं, डाइकॉन 3. काही विद्यार्थ्यांनी उद्घाटनासाठी हाताने काढलेली एक छोटी ॲनिमेशन फिल्म दाखवली. त्या कंपूतल्या तोशिओ ओकादा आणि यासुहिरो ताकेदा यांनी पुढच्या वर्षी जनरल प्रॉडक्ट्स नावाचं दुकान काढलं. 1984 साली याच मंडळींतून गाइनॅक्स हा स्टुडिओ उभा राहिला, ज्याची 'इव्हँजेलियन' ही ॲनिमे मालिका 1995 साली आली. दुकान, संमेलन आणि स्टुडिओ, तिन्हीकडे चेहरे तेच.

आता मुद्द्याची गोष्ट. गॅरेज किट बनवणाऱ्याची कला त्याची, पात्र मात्र दुसऱ्याचं. विकलं की हक्कांचा भंग, नाही विकलं तर रेझिनचा खर्चही निघत नाही. जनरल प्रॉडक्ट्सने 1985 च्या जानेवारीत टोकियोत गॅरेज किटचा पहिला मेळावा, वंडर फेस्टिव्हल, भरवला आणि त्यासाठी तोडगा काढला: एका दिवसाचा परवाना. घडवणाऱ्याने आधी अर्ज करायचा, नमुन्याचे फोटो द्यायचे, हक्कधारकाने पसंत केलं तर त्या एका दिवशी, त्या एका सभागृहात, ठरलेले नग विकायची मुभा. संध्याकाळी सभागृह बंद झालं की परवाना संपला. उरलेला माल दुसऱ्या दिवशी विकता येत नाही. आपल्याकडे मांडवाची परवानगी कशी ठरावीक दिवसांची असते आणि विसर्जनानंतर बांबू काढावेच लागतात, तसंच.

या एका कागदाने काय काय घडवलं, ते मला मोठ्या कंपन्यांच्या इतिहासापेक्षा महत्त्वाचं वाटतं. हौशी माणूस चोर ठरला नाही. कंपन्यांना नवे हात सापडले. आज टेबल लावून बसलेला उद्या त्यांच्याकडे मूळ आकृती घडवायला जाऊ लागला. आणि संमेलनाला जायचंच असं एक कारण तयार झालं, कारण ती वस्तू दुसरीकडे मिळतच नव्हती. 1992 साली वंडर फेस्टिव्हल काइयोदोकडे गेला. आता तो वर्षातून दोनदा चिबाच्या माकुहारी मेस्से इथे भरतो आणि एका दिवसाचा परवाना अजून चालू आहे.

रंगवून तयार मिळणारी फिगर त्यामानाने अलीकडची. 90 च्या दशकात अमेरिकेतल्या मॅकफार्लेन टॉइजने दाखवून दिलं की चीनमधल्या कारखान्यात बारीक रंगकाम करून घेता येतं. इव्हँजेलियनमुळे जपानमध्ये गिऱ्हाईक तयार होतंच. रेझिनची जागा पीव्हीसीने घेतली आणि ज्याला ब्रश धरता येत नाही अशा माणसासाठीही छंदाचं दार उघडलं. फिगर बनवणारी गुड स्माइल कंपनी 2001 साली निघाली. 2006 साली तिने मोठ्या डोक्याची, साधारण 10 सेंटिमीटरची नेन्डोरॉइड आणली. 'नेन्दो' म्हणजे चिकणमाती. 2008 साली मॅक्स फॅक्टरीची सांधे वळणारी फिग्मा आली.

माती म्हटलं की आपल्याला पेण आठवणारच. नवी मुंबईतल्या कितीतरी घरांतला गणपती तिथून येतो. तिथल्या कारखान्यात उभं राहिलं की फिगरचा सगळा प्रवास डोळ्यांसमोर घडतो: मूळ मूर्ती, साचा, ओतकाम, जोड, घासकाम, रंग आणि शेवटी डोळ्यांची आखणी. आखणी कुणालाही करू देत नाहीत, ती मुख्य कारागीर करतो. फिगरमध्ये डोळे छापले जातात, पण निकष तोच. नकली माल ओळखायचा तर आधी डोळे बघायचे. एक बुबुळ केसभर खाली असतं, चेहरा तेलकट चमकतो, बोटांच्या फटींत रंग सांडलेला असतो. शिवाय आमच्या पिढीने सोसायटीच्या आवारात दिवाळीचा किल्ला केलेला आहे. हळिवाची हिरवळ, पायथ्याशी भाजीवाली आणि पायऱ्यांवर अंगापेक्षा मोठी ढाल घेतलेला मावळा. प्रमाण चुकलं की कुणीतरी मोठा दादा तो मावळा उचलून मागे ठेवायचा, म्हणजे लांबचा वाटेल. अशा छोट्या देखाव्याला 'डायोरामा' म्हणतात, हे नंतर कळलं.

ॲनिमे आपल्याकडे आलं तेव्हा ते जपानी आहे हे बहुतेकांना माहीतच नव्हतं. 1993 साली दूरदर्शनवर लागलेलं 'जंगल बुक' मुळात निप्पॉन ॲनिमेशनने 1989 साली केलेलं. हिंदीत शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा, शीर्षकगीत गुलजारांचं, मग परकं वाटणार कसं? पुढे कार्टून नेटवर्कवर ड्रॅगन बॉल झी आणि पोकेमॉन, मग डोरेमॉन आणि शिनचॅन. 2004 साली ॲनिमॅक्स ही वेगळी वाहिनीच आली. 2017 साली ती बंद झाली तोवर आम्ही सगळे मोबाइलवर बघू लागलो होतो. वस्तूंच्या नावाने मात्र आनंद. चिप्सच्या पाकिटातले टॅझो आणि जिन्याखाली प्लास्टिकच्या टबात झुंजवलेले बेब्लेड, एवढाच आमचा संग्रह.

फिगर हवी तर ती जपानहून मागवायची किंवा परदेशातून येणाऱ्या मामाच्या बॅगेत जागा मागायची. प्री-ऑर्डर केलेली वस्तू हातात यायला वर्षही लागतं, एवढ्या काळात मामा परत यायचा आणि पुन्हा जायचा. त्यात फेब्रुवारी 2020 च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं सीमाशुल्क 20 टक्क्यांवरून 60 टक्क्यांवर गेलं आणि 2023 साली 70 टक्क्यांवर. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. त्या आदेशाच्या व्याख्येत खेळणं म्हणजे 14 वर्षांखालच्या मुलांनी खेळण्यासाठीची वस्तू. हेतू चांगला होता, मुलांच्या तोंडात जाणारं वाईट प्लास्टिक थांबवायचं होतं. पण ज्या खोक्यावर 15 वर्षांपुढचं वय छापलंय, त्याची नोंद खेळणं म्हणून झाली की बिल खेळण्याचंच लागतं. गंमत म्हणजे देशातलं एक सर्वांत मोठं कंटेनर बंदर, न्हावा शेवा, आमच्या घरापासून खाडीपलीकडेच आहे.

याचा परिणाम ठाणे आणि नवी मुंबईतल्या कपाटांत दिसतो. बहुतेक संग्रह प्राइझ फिगरने सुरू होतात. या जपानमध्ये क्रेन गेमच्या यंत्रात बक्षीस म्हणून ठेवायला केलेल्या, म्हणून स्वस्त. स्केल फिगर, म्हणजे पात्राच्या उंचीच्या 1/7 अशा नेमक्या मापाची, बोनसच्या महिन्यात. तुर्भ्याला डिसेंबर 2020 मध्ये आयकिया उघडलं तेव्हा आमच्या ओळखीतले तिघे सोफा न बघता थेट काचेच्या कपाटांकडे गेले होते. कपाट शोभेसाठी नाही, गरज म्हणून लागतं. आमच्या हवेत धूळ आणि दमटपणा दोन्ही भरपूर. पीव्हीसी मऊ ठेवायला घातलेलं द्रव्य उकाड्यात हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि फिगर हाताला चिकट लागते. मे महिन्यात एका पायावर उभी असलेली फिगर जूनपर्यंत पुढे झुकते. कोमट पाण्यात साधा साबण घालून हलक्या हाताने आंघोळ घालायची, सावलीत वाळवायची. ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या खोक्यात टाकायच्या, नाहीतर पावसाळ्यानंतर खोक्यालाच बुरशी.

फोटोंचा नाद लागतो तो याच अडचणीतून. वर्षाला दोनच फिगर्स परवडत असतील तर त्या दोघींकडूनच वर्षभर काम करून घ्यावं लागतं. सांधे वळणाऱ्या फिग्मा आणि स्वस्त डिजिटल कॅमेरे जवळपास एकाच काळात आले, म्हणून जपानमध्येही हे दोन छंद जोडीने वाढले. ठाण्याची मंडळी येऊर आणि उपवनला जातात. मी नेरूळच्या पाणथळीकडे. हिवाळ्यातल्या एका सकाळी भरतीच्या आधी गेले होते. फोन उलटा धरला, म्हणजे लेन्स जमिनीला टेकते आणि 10 सेंटिमीटरच्या बाईच्या डोळ्यांच्या पातळीवर येते. समोर लव्हाळ्याची चार पाती, तिच्या मापाने ते बांबूचं बेट झालं. मागे लांबवर फ्लेमिंगो उभे, ते धूसर होऊन नुसती गुलाबी रेघ उरली. ग्लिसरीन घातलेल्या पाण्याचा एक फवारा मारला. साधं पाणी ओघळतं, हे थेंब गोल राहतात. तेवढ्यात एक कुत्रं आलं, तिला हुंगलं आणि तोंडात धरून चालू लागलं. फोटो मिळाला, एक हात मिळाला नाही.

संमेलनं आपल्याकडे उशिरा आली. जपानमध्ये हौशी कॉमिक्सवाल्यांचं कॉमिकेट 1975 सालचं, आवडत्या पात्राचा वेश करण्यासाठीचा 'कॉस्प्ले' हा शब्द नोबुयुकी ताकाहाशी यांनी 1983 साली वापरात आणलेला. भारतात पहिलं कॉमिक कॉन फेब्रुवारी 2011 मध्ये दिल्ली हाटला भरलं, मग मुंबईला आलं. गोरेगावच्या प्रदर्शन केंद्रात भरायचं तेव्हा आम्ही हार्बरने वडाळा रोडला गाडी बदलून राम मंदिरला उतरायचो. निळा विग, पाठीवर योगा मॅट कापून केलेली तलवार. लेडीज डब्यातल्या मावशी आधी बघायच्या, मग तलवारीला धक्का लागू नये म्हणून सरकून जागा द्यायच्या. गर्दीचा जोर किती आहे हे 2019 साली कळलं. 50 हजारांहून जास्त सह्यांची याचिका झाली आणि माकोतो शिंकाई यांचा 'वेदरिंग विथ यू' हा ॲनिमे चित्रपट इथल्या थिएटरांत लागला. 2025 च्या सप्टेंबरात 'डीमन स्लेयर'चे खेळ पहाटे लागले.

पण आपण जपानकडून कपाट घेतलं, रंगमंच घेतला, मधली, घडवणाऱ्याची खुर्ची घेतली नाही. आता ठाण्यात टू-बीएचकेच्या बाल्कनीत रेझिनचे थ्री-डी प्रिंटर चालतात. संगणकावर आकृती घडवणारी, रात्री प्रिंट काढून स्पिरिटने धुणारी, वासावरून घरच्यांची बोलणी खाणारी मुलं आहेत आणि हातात कसब आहे. त्यांना आपल्या आवडत्या पात्राची 20 नग फिगर एका दिवसापुरती, हक्कधारकाला विचारून, उजळ माथ्याने विकता येईल असं टेबल मी इथल्या एकाही संमेलनात पाहिलेलं नाही. शेजारच्या स्टॉलवर चीनमधला सरसकट नकली माल बिनदिक्कत लागलेला असतो. मुलगा मात्र पिशवीतून हळूच एक नग काढून दाखवतो आणि आजूबाजूला बघतो. हे मला खटकतं.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी, ज्यांच्याकडून आम्ही मूर्ती घेतो त्या पेणच्या काकांना मी एक स्केल फिगर दाखवायला नेली. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, आधी डोळे पाहिले आणि मान हलवली. मग ती उलटी केली, केसांच्या बटेखालून अंगठा फिरवत जोडाची रेघ शोधली, कमरेपाशी दुसरी, झालरीच्या आत तिसरी. ओठांतल्या ओठांत मोजत राहिले.

"साचा किती तुकड्यांचा?" त्यांनी विचारलं.

मला सांगता आलं नाही. त्यांनी ती पाटावर, रंग न दिलेल्या मूर्तींच्या रांगेत ठेवली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.