मीर-हुसेन मूसावी : वास्तुविशारद, परराष्ट्रमंत्री आणि तीस वर्षं जुना एक वाद

जून २००९ मध्ये तेहरानच्या रस्त्यांवर लाखो माणसं हिरव्या पट्ट्या बांधून उतरली, तेव्हा जगभर ती इराणच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीतल्या मतमोजणीच्या वादाची बातमी झाली. वाद मतमोजणीचा होताच. पण उमेदवार मीर-हुसेन मूसावी आणि सर्वोच्च नेते अली खामेनेई यांचं बिनसलं होतं ते १९८१ पासून, आणि त्या जुन्या हिशेबाशिवाय मूसावींच्या वाट्याला पुढे जे आलं ते उलगडत नाही.

मूसावी मूळचे तबरीझजवळच्या खामनेह गावचे. घरची बोली अझेरी तुर्की, वडील चहाचे व्यापारी. खामेनेईंच्या घराण्याचं मूळ गावही हेच. त्यांचं आडनाव त्यावरूनच आलेलं. मूसावी शिकायला तेहरानला आले आणि १९६९ मध्ये वास्तुकलेचं शिक्षण पूर्ण करून बाहेर पडले. त्याच वर्षी झहरा रहनवर्द यांच्याशी लग्न झालं. त्या शिल्पकार आणि लेखिका. पुढे अल-झहरा विद्यापीठाच्या कुलगुरूही झाल्या. शाहाच्या राजवटीत विचारवंत अली शरियतींच्या व्याख्यानांना गर्दी करणारी जी शिकलेली, धार्मिक आणि समतेची आस असलेली पिढी होती, तिच्यातलं हे जोडपं. मूसावी इमारतींचे आराखडे करत, चित्रं रंगवत, आणि राजकारणात हुसेन रहजू हे टोपणनाव वापरत. शाहविरोधी धार्मिक मंडळींचं बैठकीचं ठिकाण ठरलेली तेहरानची ‘कानून-ए-तौहीद’ ही वास्तू त्यांच्याच आराखड्यातून उभी राहिली.

१९७९ ची क्रांती झाली आणि अयातुल्ला बेहेश्ती, खामेनेई, रफसंजानी या धर्मगुरूंनी इस्लामिक रिपब्लिकन पक्ष काढला. पक्षाच्या ‘जोम्हूरी-ए-इस्लामी’ या दैनिकाचं संपादकपद मूसावींकडे आलं. परराष्ट्र खात्याचा रस्ता या संपादकाच्या खुर्चीतून गेला. पंतप्रधान रजाई यांनी परराष्ट्रमंत्री म्हणून त्यांचं नाव सुचवलं, पण राष्ट्राध्यक्ष बनीसद्र यांचं या पक्षाशी हाडवैर; त्यांनी ते अडवून धरलं. इराकशी युद्ध पेटलेलं आणि देशाला पूर्णवेळ परराष्ट्रमंत्री नाही, अशी विचित्र स्थिती कित्येक महिने राहिली.

ती कोंडी फुटली ती १९८१ च्या उन्हाळ्यात, आणि फार रक्त सांडून. २१ जूनला मजलिसने, म्हणजे संसदेने, बनीसद्र यांना अपात्र ठरवलं. २७ जूनला मशिदीत भाषण करत असताना टेपरेकॉर्डरमध्ये लपवलेल्या बॉम्बच्या स्फोटात खामेनेई जबर जखमी झाले. त्यांचा उजवा हात कायमचा लुळा पडला. दुसऱ्या दिवशी पक्षाच्या मुख्यालयातल्या स्फोटात बेहेश्ती आणि ७० हून अधिक सहकारी ठार झाले. बेहेश्त-ए-झहरा कब्रस्तानात त्यांचं स्मारक उभारायचं ठरलं, तेव्हा आराखडा मूसावींनी केला. या रिकाम्या झालेल्या जागांमधून ते परराष्ट्रमंत्री झाले. ३० ऑगस्टला आणखी एका स्फोटात दरम्यान राष्ट्राध्यक्ष झालेले रजाई आणि नवे पंतप्रधान बाहोनार दोघेही गेले. परराष्ट्र खातं मूसावींकडे राहिलं ते जेमतेम काही महिने, त्यामुळे तिथल्या कामावरून त्यांना जोखण्यात अर्थ नाही.

खरी ठिणगी ऑक्टोबरमध्ये पडली. नवे राष्ट्राध्यक्ष खामेनेई यांना पंतप्रधान म्हणून हवे होते अली अकबर वेलायती. मजलिसने त्यांना नाकारलं. मग तडजोड म्हणून मूसावींचं नाव पुढे आलं आणि मंजूर झालं. वेलायती परराष्ट्र खात्यात गेले आणि तिथे १९९७ पर्यंत राहिले. म्हणजे नव्या राष्ट्राध्यक्षाच्या गळ्यात पहिल्या दिवसापासून न आवडलेला पंतप्रधान पडला.

मतभेद स्वभावाचेही होते, पण मुख्यतः पैशाअडक्याचे. मूसावी डाव्या गटातले. युद्धकाळात तांदूळ, साखर, तेल, मांस कूपनवर मिळेल अशी व्यवस्था त्यांच्या सरकारने लावली. १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले तरी सामान्य घरातली चूल विझली नाही, याचं श्रेय जुने इराणी आजही त्यांना देतात, आणि ते मला रास्त वाटतं. बाजारातले बडे व्यापारी आणि त्यांच्या बाजूचे धर्मगुरू मात्र सरकारी नियंत्रणावर खवळलेले असत. खामेनेईंचा कल तिकडे होता. १९८५ मध्ये दुसऱ्यांदा निवडून आल्यावर त्यांना पंतप्रधान बदलायचा होता. मूसावी गेले तर आघाडीवरच्या सैनिकांचं मनोधैर्य खचेल, असा निरोप रिव्होल्यूशनरी गार्ड या लष्करी दलाच्या प्रमुखांनी क्रांतीचे नेते आणि तेव्हाचे सर्वोच्च नेते खोमेनी यांना दिला आणि खोमेनींनी मूसावींना उचलून धरलं. तरीही मजलिसमधल्या ९९ जणांनी त्यांच्या बाजूने मत दिलं नाही. सप्टेंबर १९८८ मध्ये मूसावींनी राजीनामा दिला; परराष्ट्र व्यवहारातले निर्णय पंतप्रधानाला अंधारात ठेवून होतात, ही त्यातली मोठी तक्रार. एकेकाळच्या परराष्ट्रमंत्र्याने ती करावी, यावरून कारभार कुठून चालत होता ते कळतं. खोमेनींनी फटकारल्यावर राजीनामा मागे घेतला गेला.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात इराणच्या तुरुंगांत हजारो राजकीय कैद्यांना फासावर चढवलं गेलं. आदेश खोमेनींचा, अंमल खास समित्यांचा. पण सरकारचे प्रमुख मूसावी होते. त्यांच्या चाहत्यांनी हे झाकून ठेवू नये. मारल्या गेलेल्यांच्या आयांना त्यांच्याकडून सरळ उत्तर मागायचा हक्क आहे.

१९८९ मध्ये खोमेनी वारले, खामेनेई सर्वोच्च नेते झाले आणि घटनादुरुस्तीने पंतप्रधानपदच रद्द झालं. मूसावी आपल्या मूळ व्यवसायाकडे परतले. विद्यापीठात शिकवलं, चित्रं काढली, नंतर कला अकादमीचं अध्यक्षपद सांभाळलं. जवळपास वीस वर्षं ते सत्तेच्या राजकारणापासून दूर राहिले.

मार्च २००९ मध्ये उमेदवारी जाहीर केली, तेव्हा निम्म्या मतदारांना त्यांचा कारभार आठवतही नव्हता. रहनवर्द त्यांचा हात धरून प्रचारसभांत येत. इराणच्या राजकारणात हे दृश्य नवं होतं आणि बायकांनी त्याचं उघड स्वागत केलं. १२ जूनला मतदान झालं. अधिकृत निकालात तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अहमदीनेजाद यांना सुमारे ६३ टक्के, मूसावींना सुमारे ३४ टक्के मतं. खामेनेईंनी तो निकाल उचलून धरला. डिसेंबरमध्ये आशुराच्या दिवशी मूसावींचा भाचा गोळी लागून मरण पावला. फेब्रुवारी २०११ मध्ये, इजिप्त आणि ट्युनिशियात उठाव केलेल्या जनतेच्या पाठिंब्यासाठी निदर्शनांची हाक दिल्यावर, मूसावी आणि रहनवर्द यांना तेहरानमधल्या त्यांच्याच घरात डांबण्यात आलं. खटला चालला नाही, शिक्षा सुनावली गेली नाही.

कैदेत असतानाही त्यांची भूमिका सरकत गेली. २००९ मध्ये ते क्रांतीच्या सुरुवातीच्या आदर्शांकडे परत जाण्याची भाषा करत होते. पोलिस कोठडीत महसा अमिनी या तरुणीच्या झालेल्या मृत्यूनंतरच्या आंदोलनाने देश ढवळून निघाल्यावर, फेब्रुवारी २०२३ मधल्या निवेदनात त्यांनी सार्वमत, संविधान सभा आणि संपूर्ण नवी राज्यघटना यांची मागणी केली. त्याच दिवसांत माजी राष्ट्राध्यक्ष खातमी आहे त्याच घटनेच्या चौकटीत सुधारणा मागत होते. तुरुंगात असलेल्या अनेक राजकीय कैद्यांनी जाहीर पाठिंबा दिला तो मूसावींच्या मागणीला.