टोक किती फिरलं?

ठाण्यात काय, वाशीत काय, पित्ताशयात खडे निघाले की ‘दुर्बिणीतून करून घ्या’ हा सल्ला आता घरचेच देतात. १९९० मध्ये डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात अशा पद्धतीने पित्ताशय काढलं, तेव्हा ते भारतात पहिल्यांदाच घडत होतं.

पोटावरच्या छोट्या छिद्रांतून कॅमेरा आणि लांब अवजारं घालून करायची ही शस्त्रक्रिया रुग्णाच्या सोयीची, पण शिकाऊ डॉक्टरच्या हातांची त्यात कसोटी लागते. अवजार पोटाच्या भिंतीतल्या छिद्रापाशी टेकून फिरतं, म्हणून हात डावीकडे नेला की टोक उजवीकडे जातं. दांडा २० सेंटिमीटर आत आणि १० बाहेर असेल, तर हात १ सेंटिमीटर हलताच टोक २ सेंटिमीटर सरकतं. अवजार आणखी आत गेलं की हे प्रमाणही बदलतं. शिवाय नजर सपाट पडद्यावर, खोलीचा अंदाज मनाने बांधायचा.

म्हणून आधी सराव बॉक्स ट्रेनरवर. कॅमेरा बसवलेल्या पेटीत खुंट्यांवरचे छोटे तुकडे एका अवजाराने उचलून दुसऱ्याकडे द्यायचे. लागलेला वेळ मोजणं सोपं, पण घाई करणाराही काम लवकर उरकतो. टोकाने एकूण किती अंतर कापलं, हालचालीत किती झटके होते, डावा हात नुसताच थांबला होता का, यावरून हाताची तयारी जास्त कळते. सरावलेल्या सर्जनचा मार्ग सहसा आखूड आणि सलग असतो. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमध्ये हातांच्या पाठीवर विद्युतचुंबकीय सेन्सर लावून अशी मोजणी झाली. दांड्यावर रंगीत खुणा लावून कॅमेऱ्यानेही ती करता येते, आणि तेही स्वस्तात.

खरी मेख पुढे आहे. टोक कुठे आहे याच्या सेकंदाला ६० नोंदी घेतल्या आणि लागोपाठच्या नोंदींत नुसत्या यंत्राच्या थरथरीमुळे अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला, तर स्थिर धरलेलं अवजारही मिनिटाला १.८ मीटर ‘चाललेलं’ दिसेल! म्हणून आकडे गाळून घ्यावे लागतात, म्हणजे त्यांतली ही थरथर काढून टाकावी लागते. पण जास्त गाळले, तर हाताचा सेकंदाला ८ ते १२ वेळा होणारा खरा कंपही पुसला जातो.

नेरूळमध्ये वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयं एकमेकांच्या जवळ आहेत. अशा ठिकाणी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांनी मिळून हालचाल मोजणारं असं उपकरण बनवावं, असं मला मनापासून वाटतं. पहिली चाचणी अवजार शिकंज्यात घट्ट आवळून घ्यावी. तेव्हा अंतर जवळपास शून्य आलं, तरच कुणाच्या हाताला गुण द्यावेत.