आधीचा गर्भपात डॉक्टरांना सांगितला की सासरी कळतो?

कोल्हापुरात, आणि कागल-गडहिंग्लजकडून तपासणीला येणाऱ्या बायकांतही, एक समज घट्ट बसलाय: आधीचा गर्भपात डॉक्टरांना सांगितला की तो सासरी कळतो, वर नवऱ्याची सही नव्हती म्हणून बेकायदाही ठरतो. दोन्ही खोटं.

1971 च्या गर्भपात कायद्यात 2021 साली दुरुस्ती झाली. कायद्याने अधिकार नसलेल्या कुणाला डॉक्टरांनी बाईचं नाव-गाव सांगितलं, तर 1 वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. 18 वर्षं पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची संमती पुरते. काही दवाखाने नवऱ्याची सही मागतात, पण कायदा मागत नाही.

लपवण्याचा तोटा बाईलाच. रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल नि मागच्या वेळी अँटी-डी इंजेक्शन (आईच्या अंगात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ न देणारं) राहिलं असेल, तर पुढच्या बाळाच्या रक्तपेशींना धोका पोहोचू शकतो. पिशवी साफ केली असेल तर वार कुठं चिकटलीय हे सोनोग्राफीत जास्त बारकाईनं बघावं लागतं.

खरी अडचण शेजारच्या खुर्चीत असते. सासूबाई बसलेल्या असताना "याआधी कधी दिवस गेले होते का?" असं विचारलं, तर "नाही ओ" याखेरीज काय उत्तर येणार? वजन-बीपीला आत नेताना सिस्टरनं एकटीला विचारावं. आणि हे फाईलवर लिहू नका, असं बाईनंही सांगावं; घरी ती फाईल सगळेच चाळतात.