सरपंचपती

महिला सरपंचाच्या नावावर ग्रामपंचायतीचा कारभार हाकणारा तिचा नवरा. काही गावांत हेच काम सासरा, दीर किंवा मुलगा करतो. कायद्यात असे पद नाही.

७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत महिलांसाठी किमान एक-तृतीयांश जागा राखल्या. महाराष्ट्रात २०११ पासून हे प्रमाण निम्मे आहे. सरपंचपदाचे आरक्षण फिरते. अनेक वर्षे तयारीत असलेल्या पुढाऱ्याच्या गावात सोडत ‘महिला’ निघाली की अर्ज बायकोच्या नावाने भरला जातो. प्रचारफलकावर तिच्या शेजारी त्याचाही फोटो असतो, बहुधा मोठा.

खरी मेख सहीत आहे. पंचायतीच्या धनादेशावर सरपंच आणि ग्रामसेवक (आताचे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) अशा दोघांच्या सह्या लागतात, म्हणून कोऱ्या धनादेशांवर आधीच सह्या घेऊन ठेवतात. वित्त आयोगाचा निधी ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवरून दोघांच्या डिजिटल स्वाक्षरीने निघतो; तिची डोंगल (डिजिटल स्वाक्षरीचे यूएसबी उपकरण) नवऱ्याच्या खिशात नाहीतर संगणकचालकाच्या खणात असते आणि नोंदवलेला मोबाइलही नवऱ्याचाच. मासिक सभेचे प्रोसिडिंग बुक (इतिवृत्त वही) सहीपुरते घरी येते. ग्रामसेवक आणि ठेकेदार यांनाही हे सोयीचे पडते, कारण व्यवहाराची बोलणी एकाच माणसाशी होतात.

जबाबदारी मात्र सगळी तिची. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर वसुलीची नोटीस तिच्या नावे येते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९ खाली गैरवर्तनासाठी पदावरून काढले जाते ते तिलाच. नवरा कागदावर कुठेच नसतो. सरकारी जागेवर सासरच्यांनी केलेले अतिक्रमणही तिला भोवते. अशा जागेत राहणारा सदस्य कलम १४(१)(ज-३) नुसार अपात्र ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले.

२०१५ च्या पंचायतराज दिनी पंतप्रधानांनीही ही प्रथा संपवण्याचे आवाहन केले होते. केंद्राने २०२३ मध्ये नेमलेल्या समितीने महिलेच्या नावावर दुसराच कारभार करतो हे सिद्ध झाल्यास जरब बसेल अशा शिक्षेची शिफारस केली. पण तक्रार करायची कोणी? घरात राहून नवऱ्याविरुद्ध जबाब देणारी सरपंच विरळाच. त्यापेक्षा डोंगल आणि मोबाइल क्रमांक तिच्याच ताब्यात असणे, सभेत नातेवाइकांना न बसवणे आणि ग्रामसभेआधीची महिला सभा खरोखर भरवणे यांचा उपयोग जास्त. त्यातून एखादी पाच वर्षांत कारभार शिकतेही. मात्र पुढच्या सोडतीत पद खुले झाले की पॅनेलवाले उमेदवारीसाठी नवऱ्याकडे जातात.