फोटो प्रिंटला देण्याआधी: उलटा आहे की आरशातला?

अमावस्या झाली की पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावरून रात्रीच्या आकाशाचे फोटो काढून आलेली मंडळी पेनड्राइव्ह घेऊन आमच्याकडे येतात. प्रिंट हातात पडल्यावर पुष्कळजण म्हणतात, "उलटा आलाय, जरा फिरवून द्या." खरी गडबड तिथंच असते.

फिरलेला फोटो ही अडचणच नाही. अवकाशाला वर-खाली नसतं, फ्रेम कशीही टांगा. पलटलेला, म्हणजे आरशातला फोटो मात्र फिरवून सरळ होत नाही. डावं पायताण कसंही फिरवा, उजव्या पायात बसतंय होय?

फोटो पलटतो कुठं? फिट्स फाईलमधल्या (खगोल कॅमेऱ्याच्या मूळ फाईलमधल्या) ओळी एक सॉफ्टवेअर खालून वर वाचतं, दुसरं वरून खाली. मग वरचं खाली जातं. ते बघून तुम्ही फोटो 180 अंशांत फिरवता आणि डावं-उजवं बदलून बसतं. तिथं 'रोटेट' नको, 'फ्लिप' हवं. दुर्बिणीला डायगोनल, म्हणजे बघायच्या टोकाचा तिरका आरसा, लावून मोबाईलनं टिपलेला चंद्रही आरशातलाच असतो. न्यूटोनियन दुर्बिणीत आरसे दोन, त्यामुळे फोटो नुसता फिरतो, पलटत नाही.

घरी तपासायला सोपं आहे. मृग नक्षत्रातला तेजोमेघ (धूसर ढगासारखा पुंजका) बाणाच्या तीन ताऱ्यांखाली येईल असा फोटो धरा; काक्षी हा तांबूस तारा वर डावीकडे हवा. चंद्राचं टायको विवर खाली ठेवा; मेअर क्रायझियमचा गोल डाग उजवीकडे हवा.

उत्तर वर ठेवली की पूर्व डावीकडे येते, ती छपाईची चूक नव्हे. जमिनीचा नकाशा आपण वरून बघतो, आकाश खालून. पठारावर उत्तरेला डोकं करून उताणे पडा, पूर्व डाव्या हाताला येईल. (तसं झोपू नये म्हणतात, पण पाच मिनिटं चालतंय.)

फ्लिप आम्हीच का करत नाही? कारण कोपऱ्यात तुम्ही नाव टाकलेलं असतं, तेही पलटतं. म्हणून आधी फ्लिप, मग नाव. कॅनव्हास फ्रेमवर ताणल्यावर चूक कळली तर नव्या प्रिंटचे पैसे घ्यावेच लागतात, म्हणून ऑर्डरच्या कागदावर 'वरची बाजू' लिहून सही घेतो. काहींना हा जाच वाटतो, पण त्यानं दोघांचेही पैसे वाचलेत.

जेपेगसोबत मूळ फिट्स फाईलही आणा. प्लेट सॉल्व्ह करून, म्हणजे फोटोतले तारे आकाशाच्या नकाशाशी जुळवून, दिशा फुकट तपासून देतो. मोठ्या प्रिंटवर हवा असल्यास उत्तर-पूर्वेचा छोटा बाणही छापून मिळेल.