ब्रेक दाबला, तरी प्रोग्राम कुठं जातो?

धरमपेठेतल्या आमच्या शाळेत बीबीसी मायक्रो हा संगणक आला तो केंद्र सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून. 1984 साली सुरू झालेली ही योजना. चपला दाराबाहेर, आत एका मशीनवर तिघं. तासभर खपून मी संत्र्यांच्या पेट्यांचा हिशेब करणारा प्रोग्राम टाइप केला, आणि एफ-9 दाबायला गेलेलं बोट शेजारच्या ब्रेकवर पडलं. बीप! पडदा साफ.

“गेलं बे तुझं सगळं,” शेजारचा म्हणाला.

सरांनी काही न बोलता तीन अक्षरं टाइप केली: ओएलडी, म्हणजे ‘ओल्ड’. मग लिस्ट. सगळ्या ओळी जागच्या जागी!

ब्रेक ही इतरांसारखी कळ नव्हतीच. तिची तार थेट 6502 प्रोसेसरच्या रीसेट पिनला जायची. रीसेट होताच प्रोसेसर हातातलं काम टाकतो, मेमरीच्या एफएफएफसी आणि एफएफएफडी या घरांतला (अक्षरं असलेले हे आकडे सोळाच्या पद्धतीतले) पत्ता वाचतो आणि तिथून नव्यानं सुरुवात करतो. मेमरीला कोणी हात लावत नाही, कारण वीज चालूच असते. मशीनवरची प्रोग्रामिंगची भाषा बेसिक, ती फक्त प्रोग्रामच्या सुरुवातीच्या एका बाइटमध्ये एफएफ (255) लिहिते, म्हणजे ‘इथं काही नाही’. ओल्ड तिथं शून्य लिहितं, की झालं. गंमत अशी की तो बाइट पहिल्या ओळीच्या क्रमांकाचा अर्धा भाग असतो: त्यात 256 किती वेळा आहेत, ते सांगणारा. पहिली ओळ 1000 असेल तर ती परत येते 232 होऊन. आम्ही 10, 20 असेच क्रमांक द्यायचो, म्हणून वाचलो.

मे महिन्यात लाइट गेली तर मात्र ओल्डचा काही उपयोग नाही. ब्रेक दाबला गेला, का लाइट येऊन मशीन नव्यानं चालू झालं, हे मशीनला कसं कळायचं? आत 6522 नावाची एक चिप असे, तिच्यापर्यंत ब्रेक पोचतच नसे. तिच्या एका रजिस्टरमध्ये (चिपच्या आतल्या छोट्या घरात) शून्य दिसलं, की वीज नुकतीच आली.

1977च्या ॲपल टूमध्ये रीसेट कळ रिटर्नच्या अगदी डोक्यावर होती. ती कोणाला सुचली असेल देव जाणे. 1979च्या ॲपल टू प्लसमध्ये रीसेट झाल्यावर कुठं जायचं, तो पत्ता प्रोग्राम स्वतः 3एफ2 आणि 3एफ3 या घरांत ठेवू शकायचा. पण वीज येते तेव्हा मेमरीत काहीबाही कचरा असतो, त्यावर विश्वास कसा ठेवणार? म्हणून 3एफ4 मध्ये खुणेचा एक बाइट: 3एफ3 मधला आकडा आणि ए5 यांचा एक्सऑर (जिथं दोघांचे बिट वेगळे, तिथं 1). खूण जुळली तर प्रोग्रामच्या पत्त्यावर, नाही तर थेट नवी सुरुवात.

बीबीसीवर याहून सोपं होतं. दहा नंबरच्या, म्हणजे ब्रेकच्याच, कळीत ‘ओल्ड, रन’ भरून ठेवलं की ब्रेक दाबल्यावर प्रोग्राम आपोआप पुन्हा धावायचा. सरांनी आम्हाला ते शिकवलं. चाचणीचे प्रश्न विचारणारा प्रोग्राम स्वतः लिहिताना मात्र त्यांनी सुरुवातीलाच एफएक्स 200,2 ही आज्ञा टाकली होती. तिच्यामुळे ब्रेक दाबताच मेमरीच पुसली जाते. उत्तरं बघायला आम्ही ब्रेक दाबला, ओल्ड टाइप केलं. पडद्यावर आलं: ‘बॅड प्रोग्राम’. सर मागेच उभे होते.